मॅक्युलाखाली रक्तस्राव झाल्यावर: पहिल्या दिवसापासून उपचार कसे करून घ्यावेत

वयोमानानुसार होणाऱ्या मॅक्युलाच्या, म्हणजे डोळ्याच्या आतील पडद्याच्या (रेटिनाच्या) मध्यभागाच्या, ऱ्हासात, म्हणजेच एएमडीमध्ये, नजर बहुधा हळूहळू मंदावत जाते; परंतु या आजाराच्या ‘वेट’ प्रकारात कधी कधी एका रात्रीत डोळ्याच्या पडद्याखाली, नेमके मॅक्युलाच्या जागी, रक्त साठते. त्या डोळ्याने पाहताना रुग्णाला मधोमध काळा किंवा करडा डाग दिसतो. समोरच्या माणसाचे कान आणि खांदे दिसतात, पण चेहरा दिसत नाही. छापील मजकूर समोर धरला तर कडेचे शब्द दिसतात आणि ज्या शब्दाकडे पाहावे तोच नाहीसा होतो. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, त्यातून पाणीही येत नाही. दुसरा डोळा चांगला असेल तर दोन्ही डोळे उघडे असताना फरक लवकर जाणवत नाही, आणि जाणवला तरी ‘चष्म्याचा नंबर बदलला असेल’ असे म्हणून तो पुढच्या तपासणीपर्यंत अंगावर काढला जातो. टाळता येण्यासारखे सर्वांत मोठे नुकसान याच विलंबाने होते, आणि म्हणून पुढील सर्व विवेचनात दिवसांच्या हिशेबाला मी सर्वांत वरचे स्थान दिले आहे.

हा हिशेब का महत्त्वाचा, हे समजले की उपचारांचा क्रमही समजतो. वेट एएमडीमध्ये पडद्यामागील कोरॉइड या रक्तवाहिन्यांच्या थरातून नव्या, नाजूक वाहिन्या वाढून वर शिरतात; त्यांच्या भिंती कच्च्या असल्याने त्या झिरपत राहतात आणि एखादी फुटली की रक्त पडद्याखाली पसरते. मॅक्युलातील प्रकाश टिपणाऱ्या पेशींना प्राणवायू आणि पोषण मुख्यतः याच कोरॉइडकडून मिळत असल्यामुळे, मध्ये रक्ताचा थर आला की तो पुरवठा अडतो. रक्त गोठताना त्यात फायब्रिनचे धागे तयार होतात, ते या पेशींच्या टोकांना चिकटतात आणि गुठळी आकसू लागली की ती टोके ओढून तोडतात. शिवाय तांबड्या पेशी फुटून बाहेर पडणारे लोह पेशींना विषारी ठरते. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या सशांवरील एका अभ्यासात, पडद्याखाली रक्त सोडल्यानंतर २४ तासांतच पेशींना न भरून येणारी इजा झाल्याचे दिसले होते. माणसाच्या डोळ्याला ते कालमान जसेच्या तसे लागू होत नाही, आणि रक्ताचा थर पातळ असेल तर बरीच दृष्टी परतही येऊ शकते. मात्र काही आठवडे उलटून रक्ताच्या जागी पांढरट व्रण तयार झाला की त्यानंतर कोणतेही औषध तिथल्या गेलेल्या पेशी परत आणू शकत नाही.

पहिल्या दिवशी

मधली नजर अचानक गेल्याची शंका आली की प्रथम एक डोळा तळहाताने, बुबुळावर दाब न देता, झाकावा आणि दुसऱ्या डोळ्याने खिडकीची किंवा दाराची चौकट पाहावी. मग डोळा बदलून तेच करावे. एका डोळ्याला चौकट वाकडी दिसत असेल, तुटलेली दिसत असेल किंवा मध्येच डाग येत असेल, तर चष्म्याच्या दुकानात न जाता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना, आणि शक्य असेल तर थेट रेटिना तज्ज्ञांना फोन करावा. फोनवर ‘नीट दिसत नाही’ एवढेच सांगितले तर अपॉइंटमेंट दोन आठवड्यांनंतरची मिळण्याची शक्यता असते. त्याऐवजी ‘एएमडी आहे, एका डोळ्याची मधली नजर कालपासून अचानक गेली आहे, रक्तस्रावाची शंका आहे’ असे स्पष्ट शब्दांत सांगावे. नजर नेमकी कोणत्या दिवशी गेली ते कागदावर लिहून ठेवावे, कारण डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात आणि वयस्कर रुग्णाला चार दिवसांनी ते आठवतेच असे नाही.

सोबत ओसीटीचे, म्हणजे पडद्याच्या थरांच्या स्कॅनचे, जुने अहवाल, आतापर्यंत डोळ्यात घेतलेल्या इंजेक्शनांच्या तारखा आणि रोजच्या सर्व औषधांची यादी न्यावी. तपासणीसाठी थेंब टाकून बाहुली मोठी केली जाते आणि त्यानंतर काही तास धूसर दिसते, म्हणून बरोबर कोणीतरी असावे आणि रुग्णाने स्वतः गाडी चालवू नये.

औषधांच्या यादीतील एका गोष्टीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. एएमडीच्या वयाच्या अनेक रुग्णांना हृदयविकारामुळे, अनियमित ठोक्यांमुळे किंवा पूर्वी झालेल्या पक्षाघातामुळे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतात. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन, ॲपिक्साबॅन अशा औषधांवर असलेल्या रुग्णांमध्ये रक्तस्राव झालाच तर तो मोठा असण्याची शक्यता अधिक असते, हे खरे आहे. त्यामुळे डोळ्यात रक्त आले हे कळताच घरच्यांच्या मनात पहिला विचार येतो तो ही गोळी बंद करण्याचा. ती स्वतःहून कदापि बंद करू नये. साठलेले रक्त गोळी थांबवल्याने नाहीसे होत नाही, आणि स्टेंट किंवा कृत्रिम झडप असलेल्या रुग्णात गोळी थांबल्याने गुठळी झाली तर डोळ्याबरोबर जीवही धोक्यात येतो. वॉरफरिन चालू असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झाले आहे ते दाखवणारा आकडा, त्याच दिवशी तपासून घ्यावा, कारण तो मर्यादेपलीकडे गेलेला असेल तर मात्रा बदलावी लागते. पण तो निर्णय हृदयरोगतज्ज्ञ किंवा फिजिशियन आणि रेटिना तज्ज्ञ यांनी एकमेकांशी बोलून घ्यायचा असतो. रक्तदाब वाढलेला असेल तर तोही त्याच भेटीत लक्षात आणून द्यावा.

पडद्याखाली साठलेले रक्त विरघळवणारे थेंब किंवा तोंडाने घ्यायच्या गोळ्या उपलब्ध नाहीत. ल्युटीन, जस्त आणि जीवनसत्त्वांच्या ज्या गोळ्या एएमडीसाठी दिल्या जातात, त्यांचा उपयोग ठरावीक टप्प्यावरील आजार पुढे सरकण्याचा धोका कमी करण्यापुरता आहे. झालेल्या रक्तस्रावावर त्यांचा परिणाम होत नाही.

तपासणीतून काय ठरवायचे असते

डॉक्टर प्रथम दृष्टीची तीव्रता आणि डोळ्यातील दाब मोजतात आणि बाहुली मोठी करून पडदा पाहतात. त्यानंतरची सर्वांत महत्त्वाची चाचणी म्हणजे ओसीटी. यात डोळ्याला काहीही टोचले जात नाही; हनुवटी टेकवून एका खुणेकडे काही क्षण पाहायचे असते आणि पडद्याच्या थरांचा उभा छेद संगणकाच्या स्क्रीनवर उमटतो. मॅक्युलात डाग असल्याने रुग्णाला ती खूण दिसत नाही आणि आपल्यामुळे चाचणी बिघडते आहे असे वाटून तो कावराबावरा होतो. तसे झाल्यास तंत्रज्ञाला सांगावे, म्हणजे तो दुसरी खूण देतो किंवा चांगल्या डोळ्याने पाहायला सांगतो.

या तपासणीतून रुग्णाने तीन गोष्टी विचारून घ्याव्यात, कारण पुढचा सारा निर्णय त्यांवर टिकलेला असतो. पहिली, रक्त किती दिवसांचे आहे. दुसरी, थर किती जाड आणि किती पसरलेला आहे. आणि तिसरी, ते नेमके कोणत्या थराखाली आहे. तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, पण माझ्या मते तो सर्वांत उपयोगाचा आहे. रक्त प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या लगेच खाली असेल तर ते सरकवता येण्याची शक्यता असते. त्याखालच्या रंगद्रव्ययुक्त पेशींच्या थराच्याही खाली, म्हणजे आरपीईखाली, असेल तर ते बंदिस्त असते आणि सरकवण्याच्या उपायांना फारसे दाद देत नाही. अनेकदा दोन्ही ठिकाणी रक्त असते आणि कोणत्या ठिकाणी जास्त आहे ते पाहावे लागते.

फ्लुरोसीन किंवा आयसीजी हे रंगद्रव्य शिरेतून देऊन केलेली अँजिओग्राफी रक्ताच्या मुळाशी काय आहे ते दाखवते. जाड रक्ताखाली फ्लुरोसीन झाकले जाते. आयसीजीला त्यातून काहीसे अधिक दिसते. आयसीजीचा विशेष उपयोग पॉलिपॉइडल कोरॉइडल व्हॅस्क्युलोपथी, म्हणजे पीसीव्ही, ओळखण्यासाठी होतो. वाहिन्यांच्या टोकांना फुगे येणारा हा प्रकार आशियाई वंशाच्या लोकांमध्ये अधिक आढळतो आणि मोठ्या रक्तस्रावामागे तो असण्याची शक्यता बरीच असते. त्यात डोळ्यातील इंजेक्शनांसोबत व्हर्टेपॉर्फिन हे प्रकाशाने सक्रिय होणारे औषध वापरून केलेले फोटोडायनॅमिक उपचारही विचारात घेतले जातात, म्हणून ‘हे पीसीव्ही आहे का’ हे विचारलेच पाहिजे. रक्त पडदा भेदून डोळ्याच्या पोकळीतील जेलीसारख्या काचद्रवात आले असेल तर आतले काहीच दिसत नाही आणि मग सोनोग्राफी करून पडदा जागेवर आहे की नाही हे पाहावे लागते.

इंजेक्शन: सर्व उपचारांचा पाया

रक्त हा परिणाम आहे आणि नवी वाहिनी हे कारण आहे. ती वाहिनी आवरल्याशिवाय साठलेले रक्त कितीही कौशल्याने बाजूला केले तरी ते पुन्हा साठते. म्हणून व्हीईजीएफ या वाढीच्या घटकाला रोखणारे इंजेक्शन हा जवळजवळ प्रत्येक रुग्णाच्या उपचाराचा पाया असतो. रॅनिबिझुमॅबला अमेरिकेत वेट एएमडीसाठी २००६ मध्ये, अफ्लिबरसेप्टला २०११ मध्ये आणि फॅरिसिमॅबला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. बेव्हासिझुमॅब हे मुळात कर्करोगासाठीचे औषध आहे आणि डोळ्यासाठी ते अत्यल्प मात्रेत विभागून वापरले जाते. ही विभागणी निर्जंतुक ठिकाणी झालेली असणे महत्त्वाचे असते, आणि तशी खात्री विचारण्यात संकोच बाळगू नये.

रक्तस्राव पातळ किंवा लहान असेल, किंवा रुग्णाची प्रकृती शस्त्रक्रिया झेपण्याजोगी नसेल, तर केवळ इंजेक्शनांवरही चांगला परिणाम मिळू शकतो. रॅनिबिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब यांची तुलना करणाऱ्या ‘कॅट’ या मोठ्या चाचणीत, ज्या डोळ्यांतील विकाराचा निम्म्याहून अधिक भाग रक्ताने व्यापलेला होता, त्यांची दृष्टी इंजेक्शनांनंतर इतर डोळ्यांइतकीच सुधारली होती. संपूर्ण मॅक्युला उचलून धरणाऱ्या जाड रक्तस्रावाला हा निष्कर्ष सरळ लावता येत नाही. पण ‘फक्त इंजेक्शन दिले, म्हणजे काहीच केले नाही’ ही नातेवाइकांची तक्रार त्यामुळे निराधार ठरते.

इंजेक्शनच्या नावानेच अनेकांना धडकी भरते, म्हणून ते कसे दिले जाते ते सांगतो. बधिर करणारे थेंब टाकल्यावर पोव्हिडोन आयोडीनने पापण्या आणि डोळा धुतला जातो; ही चुरचुर बहुतेकांना सुईपेक्षा जास्त जाणवते. पापण्या मिटू नयेत म्हणून बारीक तारेचा चिमटा लावतात आणि बाजूला किंवा वर पाहायला सांगतात. बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटर अंतरावर, डोळ्याच्या पांढऱ्या भागातून केसासारखी बारीक सुई आत जाते आणि क्षणभर दाब जाणवतो. नंतर काही काळ काळे ठिपके तरंगताना दिसू शकतात आणि टोचलेल्या जागी लाल डाग पडू शकतो. ते आपोआप जातात. मात्र पुढच्या काही दिवसांत डोळा वाढत्या प्रमाणात दुखू लागला, लाली वाढली, उजेड सहन होईना किंवा नजर आणखी मंदावली, तर आत जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. तो हजारो इंजेक्शनांत एखाद्यालाच होतो, पण झाला तर काही तासांतही डोळा गमावण्याची वेळ येऊ शकते. त्यामुळे सकाळची वाट न पाहता रात्रीच दवाखाना गाठावा.

सुरुवातीला साधारणतः महिन्याला एक याप्रमाणे तीन इंजेक्शने दिली जातात आणि पुढे ओसीटी पाहून अंतर वाढवले जाते. रक्त ओसरल्यावर बरे वाटू लागले म्हणून इंजेक्शने सोडणे हे पुन्हा रक्तस्राव होण्याचे एक मोठे कारण आहे.

रक्त बाजूला सारण्याचे उपाय

मॅक्युलाच्या मध्याखाली जाड आणि ताजे रक्त असेल, तर इंजेक्शनच्या जोडीने ते मध्यापासून दूर सरकवण्याचा विचार केला जातो. सर्वसाधारणपणे १४ दिवसांच्या आतील रक्तस्राव यासाठी योग्य मानला जातो, आणि पहिल्या आठवड्यात आलेल्या रुग्णाला अधिक लाभाची आशा असते. येथे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग तुलनेने साधा आहे. टीपीए, म्हणजे हृदयविकाराच्या झटक्यात किंवा पक्षाघातात गुठळी विरघळवण्यासाठी वापरले जाणारे औषध, अत्यंत कमी मात्रेत डोळ्यातील काचद्रवात सोडतात आणि त्यासोबत एसएफ६ किंवा सी३एफ८ या वायूचा छोटा बुडबुडा सोडतात. औषधाने गुठळी सैल होते आणि रुग्णाने डोके ठरावीक स्थितीत ठेवले की बुडबुडा वर चढण्याच्या जोराने रक्त मॅक्युलापासून खाली किंवा कडेला ढकलतो. दुसऱ्या मार्गात शस्त्रक्रियागृहात व्हिट्रेक्टॉमी करून काचद्रव काढतात, अतिशय बारीक नळीने टीपीए थेट पडद्याखाली सोडतात आणि डोळ्यात हवा किंवा गॅस भरतात. टीपीएची मात्रा जास्त झाली तर ती पडद्याला अपायकारक ठरू शकते, म्हणून ती मायक्रोग्रॅममध्ये मोजली जाते.

शस्त्रक्रिया मोठी म्हणून तिचा परिणामही मोठा, असा समज बाळगू नये. पडद्याखालचे रक्त आणि वाहिन्या चिमट्याने काढून टाकण्याची जुनी शस्त्रक्रिया २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सबमॅक्युलर सर्जरी ट्रायल्समध्ये तपासली गेली, तेव्हा दृष्टी टिकण्याची किंवा सुधारण्याची शक्यता तिने वाढली नाही; तीव्र दृष्टिनाश काहींमध्ये टळला, पण पडदा सुटण्याचे प्रमाण वाढले. फ्रान्समध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्टार’ चाचणीत ९० रुग्णांमध्ये वरील दोन मार्गांची तुलना केली गेली. सर्वांचा रक्तस्राव १४ दिवसांच्या आतला होता आणि सर्वांना रॅनिबिझुमॅबही देण्यात आले. तीन आणि सहा महिन्यांनंतरच्या दृष्टीत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. त्यामुळे मोठ्या शस्त्रक्रियागृहाची तारीख दोन आठवड्यांनी मिळत असेल आणि गॅसचे इंजेक्शन उद्याच शक्य असेल, तर उद्याचा उपाय निवडण्याकडे माझा कल राहील. रक्त फारच पसरलेले असेल, काचद्रवातही आलेले असेल किंवा पहिल्या उपायाने सरकले नसेल, तर व्हिट्रेक्टॉमीचे कारण निश्चितच बळावते.

संमतीच्या कागदावर सही करण्यापूर्वी दोन्ही उपायांचे धोके समजून घ्यावेत. काचद्रवात रक्त येणे, डोळ्याचा दाब वाढणे, पडद्याला छिद्र पडणे किंवा तो सुटणे, आरपीईचा थर फाटणे, जंतुसंसर्ग होणे आणि व्हिट्रेक्टॉमीनंतर मोतीबिंदू लवकर वाढणे, हे त्यांतील प्रमुख आहेत. रक्त सरकूनही खालच्या पेशी आधीच गेलेल्या असतील तर नजर सुधारत नाही, हेही डॉक्टरांकडून स्पष्ट ऐकून घ्यावे.

डोळ्यात गॅस असताना

डोके कोणत्या स्थितीत आणि किती काळ ठेवायचे याबाबत पद्धती वेगवेगळ्या आहेत. कोणी काही दिवस पालथे राहायला सांगतात, कोणी बसून मान खाली घालायला सांगतात. म्हणून दवाखाना सोडण्यापूर्वी नेमकी स्थिती, दिवसातील तास आणि झोपताना काय करायचे, हे लिहून घ्यावे. कंबर किंवा मानेचा त्रास असलेल्या रुग्णाला पूर्ण वेळ पालथे राहणे जमत नाही. तसे आधीच सांगावे, म्हणजे झेपेल अशी स्थिती ठरवता येते. छातीखाली उशी आणि कपाळाला आधार देऊन नाक मोकळे ठेवले, तर पालथे झोपणे बरेच सुसह्य होते. कोणाही रुग्णाने परवानगीशिवाय उताणे झोपू नये.

गॅसमधून पाहताना सुरुवातीला फारच कमी दिसते. मग बुडबुडा आकसू लागला की नजरेत एक हलणारी आडवी रेषा दिसते, मान हलवली की ती डुचमळते, आणि शेवटी नजरेच्या खालच्या भागात एक गोल काळी कड उरते. हा गॅस नाहीसा होत असल्याचा सामान्य क्रम आहे. एसएफ६ साधारण दोन आठवड्यांत जातो, तर सी३एफ८ला सहा ते आठ आठवडे लागतात. तोपर्यंत विमानप्रवास आणि उंच घाटमाथ्यावर जाणे पूर्णपणे टाळावे, कारण बाहेरचा दाब कमी झाला की गॅस फुगतो आणि डोळ्यातील दाब इतका वाढतो की उरलेली दृष्टीही जाऊ शकते. याच कारणाने दात काढण्यापासून मोठ्या शस्त्रक्रियेपर्यंत कोणत्याही उपचारात नायट्रस ऑक्साइड चालत नाही. डोळ्यात गॅस असल्याचे सांगणारी मनगटपट्टी दिली असेल तर ती काढू नये, आणि दिली नसेल तर मागून घ्यावी. डोळ्यात तीव्र ठणका, मळमळ आणि डोकेदुखी एकत्र सुरू झाली, तर तो दाब वाढल्याचा इशारा असतो आणि त्या वेळी त्वरित तपासणी आवश्यक असते.

त्यानंतरचे महिने

रक्त शोषले जायला आठवडे, कधी महिने लागतात. खाली सरकलेले रक्त काही दिवस नजरेच्या वरच्या भागात सावलीसारखे दिसू शकते, कारण पडद्यावरील प्रतिमा उलटी असते. सुधारणा मोजताना कालच्याशी तुलना न करता महिन्यापूर्वीच्या तक्त्याशी तुलना करावी.

एका डोळ्यात वेट एएमडी झाला असेल तर दुसऱ्या डोळ्यातही तो होण्याचा धोका वाढलेला असतो. त्यासाठी ॲम्सलरचा चौकटीदार तक्ता रोज वापरावा. वाचनाचा चष्मा लावून, तक्ता साधारण ३० सेंटिमीटर अंतरावर धरून, एक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे पाहावे आणि नजर न हलवता कडेच्या रेषा सरळ आहेत का, एखादा चौकोन गाळलेला आहे का, ते पाहावे. धूम्रपान चालू असेल तर ते थांबवावे. बदलता येण्याजोग्या कारणांत याच्याइतके मोठे दुसरे कारण नाही.

मधली नजर फारशी परत आली नाही, तरी कडेची नजर शाबूत राहते आणि माणूस घरात, ओळखीच्या वाटांवर स्वतंत्रपणे वावरू शकतो. ही गोष्ट डॉक्टरांनी रुग्णाला पहिल्या आठवड्यातच सांगावी असे मला मनापासून वाटते, कारण अनेक जण आपण पूर्ण आंधळे होणार या भीतीने खचतात. दिव्याचे भिंग, मोठी अक्षरे दाखवणारे फोन, मजकूर वाचून दाखवणारी साधने आणि नजर थोडी बाजूला ठेवून वाचण्याचा सराव यांसाठी लो व्हिजन केंद्राकडे वेळेवर जावे. काही रुग्णांना नसलेली माणसे, नक्षी किंवा प्राणी स्पष्ट दिसू लागतात. शार्ल बोने या निसर्गअभ्यासकाने १७६० मध्ये आपल्या आजोबांच्या बाबतीत अशा दृश्यांची नोंद केली होती आणि त्यांना आजही त्याचेच नाव आहे. हे वेडाचे लक्षण नसून, डोळ्याकडून येणारी माहिती कमी झाल्यावर मेंदू स्वतः चित्रे तयार करतो; रुग्ण घाबरून ते लपवतात, म्हणून घरच्यांनीच हळुवारपणे विचारावे. खोलीतला उजेड वाढवल्याने किंवा डोळे झपझप डावीकडून उजवीकडे फिरवल्याने ती दृश्ये अनेकदा विरतात, आणि पुढच्या भेटीत त्यांचा उल्लेख डॉक्टरांकडे जरूर करावा.